बाळंतिणीवर उघडणारी लेन्स

आईनं लेन्सचे आकडे कधी तोंडात घेतले नाहीत. मुखेडला बसस्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. बाया पुरुषासमोर मोकळ्या बसायच्या नाहीत, म्हणून घरोघरी जाऊन फोटो काढायचं काम आईकडे असायचं. लेन्सच्या कडीवर आकडा वाढतो तसा आत येणारा उजेड कमी होतो, हे तिला साफ नामंजूर होतं. असला उलटा कारभार कोण्या शहाण्यानं केला, असं ती विचारायची. मग तिनं कडीच्या एकेका खटक्याला आपली नावं देऊन टाकली. भर उन्हाचा खटका म्हणजे वावर. त्यानंतर अंगण, ओसरी, उंबरा, माजघर, चूल. आणि लेन्स पुरती उघडली की बाळंतीण, कारण बाळंतिणीच्या खोलीइतका अंधार गावात दुसरीकडे कुठं नसायचा.

मीही हेच शिकले. नांदेडला पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या दुकानात गेले तेव्हा सरळ विचारलं, ही बाळंतिणीवर उघडते का? दुकानदारानं घाईघाईनं मला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं.

आता मी नांदेडलाच लग्नांचे व्हिडिओ करते, आई माझ्याकडेच असते. नव्या लेन्सा चांगल्याच आहेत, पण आमच्या बौद्ध लग्नातली पांढरी साडी त्या चुना मारल्यासारखी दाखवतात. सुरकुती नाही, पोत नाही. आईची जुनी लेन्स तसं करत नाही. तिच्यात पांढरं मऊ राहतं आणि सावळा चेहरा सावळाच राहतो. उगीच गोरा करायची हौस तिला नाही. म्हणून मी एक अडॅप्टर मागवला. अडॅप्टर म्हणजे नुसती रिकामी कडी, एका बाजूला जुन्या लेन्सचे आटे, दुसऱ्या बाजूला नव्या कॅमेऱ्याची खाच. लेन्स बसली आणि मी दिवसभर घरातली भांडीच शूट करत बसले, इतकी हरखले होते.

अडचण निघाली ती खटक्यांची. लातूरच्या माझ्या भाचीला लग्नात एक सलग शॉट हवा होता. ती अंगणातून येणार, विहाराचा उंबरा ओलांडणार आणि आत बसणार, मधे कुठे काटछाट नाही. उन्हातून आत येताना लेन्स हळूहळू उघडावी लागते, आणि खटक्यांची कडी धक्के खात उघडते. दर धक्क्याला चित्र उडी मारतं आणि माइकमधे टक् असा आवाज येतो. खटका कडीखालच्या बारीक छर्‍यामुळे होतो. छर्रा काढला की कडी लोण्यासारखी फिरते.

पण तो काढायला माझा हात धजेना. आईच्या नजरेच्या मधोमध आता डाग आहे, समोरचं माणूस पुसल्यासारखं दिसतं. तरी रोज ती दारात बसून लेन्स हातात घ्यायची, बोटांनी खटके चाचपत म्हणायची, आता ओसरी झाली बघ. तिला एवढंच काम उरलं होतं. छर्रा गेला तर तेही जाणार होतं.

मी छर्रा न काढताच वेळ मारून नेतेय, हे तिनं बरोबर ओळखलं. म्हणाली, "काढून टाक गं. इतक्या वर्सांत बोटात छर्रा बसला न्हाई, तर मी काय केलं?"

मी काढला. आणि लग्नात तिलाच कामाला लावलं, कारण माझा एक हात स्टँडच्या दांडीवर, दुसरा फोकसवर. विहाराच्या दाराशी स्टूल टाकलं आणि तिचा हात लेन्सच्या कडीवर ठेवला. भाची निघाली तशी मी कॅमेरा तिच्यासोबत वळवत गेले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेड कुठे कमी नाही, जास्त नाही. ऊन सरलं कधी आणि सावली लागली कधी ते मलाही कळलं नाही. दिसत नसताना ही बाई उजेड मोजत होती, केवळ हाताखालची लेन्स किती वळली त्यावरून आणि बोटावरून. तिची मुलगी असल्याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

पुढे भाची व्हिडिओ बघायला नांदेडला आली. मी आवाज चढवला आणि कपाळावर हात मारला. खटक्यांचा आवाज नको म्हणून एवढा खटाटोप केला, तर माइकमधे आईच पुटपुटत होती. वावर... अंगण... ओसरी... उंबरा... माजघर... चूल... आणि भाची खाली बसताना, अगदी हळू, बाळंतीण.

मी तिथं संगीत टाकते म्हटलं. भाचीनं विचारलं, आजी काय म्हणतेय? मी सांगितलं. तुझ्या जन्माचा फोटोही तिनं याच लेन्सनं, त्या शेवटच्या खटक्यावर काढला होता, तेही सांगितलं. भाचीनं आवाज आणखी चढवला. मग म्हणाली, संगीत नको, हेच राहू दे.

आई कोपऱ्यात मान वाकडी करून ऐकत होती. तिनं पुन्हा एकदा लावायला सांगितलं, आणि संपल्यावर नाराजीनं म्हणाली, "उंबऱ्यावर जरा घाई झाली माझी."