फूफीबरोबर कळवणला, चाचांचं पठण ऐकायला

कळवणला कसं जायचं, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. सांगायला बसते रस्ता, आणि पोहोचते ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात. तर आधी कामाचं उरकते. नाशिकहून दिंडोरी, वणीमार्गे एसटी आहे, आता बायकांना अर्धं तिकीट. वणी सुटल्यावर डोंगर अंगावर येतात, तेव्हा खिडकी सोडू नका.

त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात येणार होता. त्याआधीच कळवणहून करीमचाचांचा निरोप आला, आपाला पाठवा. आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी फूफी, म्हणजे आत्या. ती आमच्याकडे देवळाली कॅम्पला राहायची. चाचा शिंपीकाम करायचे, पण गावात मान होता तो हाफिज म्हणून. सगळं कुराण तोंडपाठ. रमजानच्या रात्रीच्या नमाजात ते पुढे उभे राहायचे आणि रोज थोडं थोडं म्हणत अख्खं कुराण पूर्ण करायचे. हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. आता पुढे उभं राहावं की नाही, याचा त्यांना भरवसा वाटेना. पारखणार कोण? फूफीच. लहानपणी भाऊ घोकायचा आणि ही भाकऱ्या थापता थापता ऐकायची, तिचंही सगळं पाठ होऊन बसलेलं.

मी सोबतीला. नाशिकला द्वारकेच्या चौकात बस अशी रखडली की माझं डोकंच फिरलं. फूफीला त्याचं काय! डोळे मिटून ओठ हलवत बसली होती. दिंडोरीला मी हावरटासारखा भेळभत्ता खाल्ला आणि पुढच्या वळणांवर त्याची शिक्षा भोगली. तुम्ही आपल्या लिमलेटच्या गोळ्या ठेवा. शेजारच्या बाईनं विचारलं, आजी काय पुटपुटत्यात? कुराण म्हणतेय म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग जरा मोठ्यानं म्हनू द्या, पोरगं झोपंल." पोरगं झोपलं, मीही झोपले. जाग आली तेव्हा बाहेर कांद्याचे ढीग आणि कळवण.

जेवणात बाजरीची भाकर आणि मसूर होता. दुपारी चाचा भिंतीला टेकून बसले, फूफी समोर. म्हणणारा चुकला की ऐकणाऱ्यानं तिथल्या तिथं शब्द सांगायचा, हा रिवाज. चाचांनी सुरुवात केली आणि काय सांगू, बाहेरचं ऊनसुद्धा मऊ झाल्यासारखं वाटलं. एकदा ते अडखळले, फूफीनं हळूच शब्द दिला. मग आवाज असा वाहत गेला, की मी उशाला हात घेऊन अर्धवट गुंगीत कुठल्या कुठे गेले. मध्येच फूफीकडे पाहिलं तर तिच्या गालावरून पाणी. मला वाटलं, भाऊ जिंकला म्हणून रडतेय.

चाचांनी डोळे उघडले. चेहरा उजळलेला. "एकदाच अडलो ना, आपा?"

फूफीनं पदरानं गाल पुसले. मग म्हणाली, "करीम, तू मघापासून भलतीकडे चालला होतास."

मूसा नबींची, म्हणजे पैगंबर मूसांची, गोष्ट कुराणात बऱ्याच ठिकाणी येते. ओळी इतक्या सारख्या, की हाफिज बेसावध असला तर एका ठिकाणाहून दुसरीकडे निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पण शब्द दिला की तो वळतो. आणि फूफीनं पुन्हा शब्द दिलेला मी तरी ऐकला नव्हता.

"मग टोकलं का नाहीस?"

"वळलास तेव्हा एकदा टोकलं, तर ऐकूच गेलं नाही तुला. मग म्हटलं, ऐकून घेते. इतकं गोड पुन्हा ऐकायला मिळायचं नाही."

टोपी नीट करून चाचा शांतपणे म्हणाले, मशिदीत सांगतो, मालेगावहून दुसरा हाफिज बोलवा.

परतीच्या बसमध्ये मी फूफीवर चिडले. आजारातून उठलेला माणूस, जरा गोड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, नमाजात त्याच्या मागे सारा गाव उभा असतो, पोरी. आणि मग, मघाशी गप्प बसल्याबद्दल तौबा करत राहिली, अगदी घर येईपर्यंत.

त्यानंतर मी पुष्कळ हाफिज ऐकले, शहरातले, कॅसेटवरचे, एकही शब्द न चुकणारे. तरी सगळ्यात सुंदर पठण कुठलं, असं कुणी विचारलं तर मी कळवणच्या त्या दुपारचं सांगते. ते चुकलेलं होतं, हेही सांगते. फूफीच्या भाचीला ते लपवता येत नाही.