ओहोटीला पोचणारी माणसं

बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. कामं होती. पुण्याला फोन करायचे होते, त्यांच्या उरलेल्या गोळ्या फार्मसीत परत द्यायच्या होत्या, गुरुजींना आणायला गाडी पाठवायची होती. राखेचा डबा ताब्यात मिळाला तेव्हाही मला फक्त त्याचं वजन जाणवलं. आईने तो लाल वस्त्रात गुंडाळला आणि ऑकलंडच्या अल्बनी भागातल्या आमच्या घरात, तिच्या कपाटात शालींवर ठेवून दिला. हे २०१५ सालचं. वर्षश्राद्ध झालं तरी डबा तिथेच होता.

"आई, असं ठेवत नाहीत गं."

"मला माहीत आहे. त्यांना तिकडे न्यायचंय."

तिकडे म्हणजे इंग्लंडला. माझं सगळं लहानपण तिथल्या वायव्य किनाऱ्यावरच्या एका गावात गेलं. बाबा तिथल्या छोट्या इस्पितळात डॉक्टर होते. आईच्या हृदयाची अवस्था बघता तिला एवढा लांबचा विमानप्रवास करायला बंदी होती. मी एकटी डबा घेऊन जाते म्हटलं, तर म्हणाली, "मी नसताना नाही." विषय तिथेच अडला.

ते गाव काही सुंदर नव्हतं. एकेकाळी आतल्या शहरांतले गिरणी कामगार तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीला यायचे. त्यांच्यासाठी बांधलेली उंच, अरुंद घरं समुद्राकडे तोंड करून ओळीने उभी होती. आम्ही अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. सप्टेंबर सरला की खिडक्यांतल्या 'खोली मिळेल'च्या पाट्या उतरायच्या, वाळूवर मुलांना फिरवणारी गाढवं शेतावर परत जायची आणि गावात आम्ही, म्हातारी माणसं आणि वारा एवढंच उरायचं. समुद्र ओहोटीला इतका आत जायचा की दिसेनासा व्हायचा. रेल्वे येण्याआधी लोक ती ओली वाळू घोडागाडीने ओलांडून खाडीपलीकडे जात. भरतीत सापडलेल्यांची थडगी चर्चच्या आवारात होती. घरमालकीणबाई आम्हा मुलांना ती दाखवून आणायची, इतर कोणी बाग दाखवावी तशी.

हे सगळं माहीत असून बाबांनी एका वर्षी घोळ घातलाच. आमचा दीड दिवसाचा गणपती असायचा, शाळेच्या मातीकामाच्या वर्गातून मागून आणलेल्या मातीचा. उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, चहाच्या ट्रेमध्ये ठेवून आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र नव्हता. बाबांनी ड्यूटीची वेळ बघितली होती, भरतीची नाही.

"चला, चालत गाठू," असं म्हणून ते ट्रे घेऊन वाळूत उतरले. आम्ही मागून. घरमालकीणबाई कुत्रा फिरवत होती. ती वरून ओरडली, "डॉक्टर, तुमच्या देवाला पोहता येत असेल, पोरीला येतं का? पाणी मागून येतं तिथे! परत फिरा!"

आम्ही परत फिरलो. पण घरी जाता येईना, कारण उत्तरपूजा झालेली मूर्ती पुन्हा घरात कशी घ्यायची? आई ठाम होती. मग आम्ही किनाऱ्यावरच्या लाकडी आडोशात ट्रे मांडीवर घेऊन बसलो. बाबा मुकाट्याने जाऊन बटाट्याच्या गरम, तळलेल्या चिप्स घेऊन आले.

"विसर्जनाआधी नाही," आई म्हणाली. चिप्स थंड झाल्या. घरमालकीणबाईने मात्र वाटली डाळ मागून घेतली, तिखट लागली म्हणून शिव्या घातल्या आणि आणखी घेतली. अंधार पडता पडता पाणी आलं.

तर, डब्याचं. मी आईला आमच्या बाजूचे सगळे किनारे दाखवले. निळं पाणी, पांढरी वाळू. तिने प्रत्येक ठिकाणी मान हलवली. "हे कॅलेंडरवरचे समुद्र. ते इथे रमायचे नाहीत." शेवटी ऑफिसातल्या एका माओरी मैत्रिणीने शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनुरेवाच्या पुढचा, खाडीवरचा किनारा सुचवला. शिंपले गोळा करतात तिथे राख सोडायची नाही, हे बजावलं आणि घरच्या मोठ्यांना विचारून जागाही सांगितली. चिखल, करडं पाणी, वर मळभ. फोटो बघून आई म्हणाली, "हा चालेल."

मी फोनवर भरतीची वेळ बघितली. आईला आणि लेकीला गाडीत घातलं, मोटरवेवरचा ट्रॅफिक धरून वेळेत पोचले. समोर लांबच लांब चिखल.

"मम, व्हेअर्स द सी?" लेकीने विचारलं. ती स्विमिंगला निघाल्यासारखी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आली होती.

ऑकलंडला दोन बाजूंनी दोन समुद्र आहेत आणि दोन्हींच्या भरतीत जवळजवळ तीन तासांचा फरक असतो. मी बघितली होती ती आमच्या घराकडच्या समुद्राची वेळ. इतकी वर्षं इथे राहून.

आईने चिखलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबांवरच गेलीस अगदी," म्हणाली आणि हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं.

"घरी जाऊन उद्या येऊ या का?"

"घरातून निघालेत ते. आता परत नाही न्यायचं." तिने डबा मांडीवर नीट घेतला. थोड्या वेळाने म्हणाली, "कोपऱ्यावर दुकान दिसलं ना? जा, चिप्स घेऊन ये."

"विसर्जनाआधी?"

"त्या दिवशी खायला द्यायला हव्या होत्या त्यांना. आण गरम गरम."

आम्ही तिघींनी बाकावर बसून चिप्स खाल्ल्या. आजीने नातीला ट्रेमधल्या गणपतीची गोष्ट सांगितली. ती "नो वे!" म्हणत ऐकत होती. पाणी हळूहळू चिखलावरून सरकत आलं. जागा सांगितली होती तिथे गेलो. मी आईचा दंड धरला, तिने डबा उघडला आणि स्वतःच्या हाताने सगळं सोडलं. राख पाण्यावर थोडा वेळ राहिली, मग पाण्याचाच रंग झाली. आता काहीतरी वाटेल म्हणून मी थांबले. पाय गार पडले होते, तेवढंच.

गाडीत बसल्यावर आईने लाल वस्त्राची घडी घातली. "पुढच्या वेळी याच समुद्राची भरती बघ हो," ती म्हणाली.

पुढची वेळ कोणाची, ते मी विचारलं नाही. फोनमध्ये या किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक सेव्ह केलं आणि गाडी सुरू केली.