अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

फोन मांडववाल्याचा होता. "वैनी, तुमी दुकान बंद करून या," एवढंच तो म्हणाला. मी काउंटरवर कुणाच्या तरी वडिलांचा फोटो लॅमिनेशनला घातला होता. ऐन लग्नसराईत आम्हाला दुकान बंद करायला सांगणारा माणूस ते का सांगतोय, हे मला तिथंच कळलं... माझे यजमान मधुकर श्रीगोंद्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. कॅमेरा खांद्यावर असतानाच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी शटर ओढलं. आत संगणक चालू होता, तो मात्र बंद केला नाही. सकाळी निघताना हे बजावून गेले होते, "त्याला हात लावू नगं, कुसुमचं काम चालू हाय."

हे काम फार जुनं. धंद्याच्या सुरुवातीला एडिटिंग लवकर व्हावं म्हणून ह्यांनी आमच्या पहिल्या संगणकात मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलं. चित्रांचं जड काम ते कार्ड ओढतं, पण त्याला वीजही तशीच भरपूर लागते. वीज पुरवणारा आतला डबा, म्हणजे एसएमपीएस, जुना होता आणि त्याला कार्डाच्या पिनाच नव्हत्या. मग सगळे करायचे तेच ह्यांनी केलं. हार्ड डिस्कच्या बारीक वायरींना कन्व्हर्टर जोडून कार्ड चालवलं. काही दिवस झकास चाललं. मग एका दुपारी जळका वास आला, वायर वितळली आणि तिच्याबरोबर हार्ड डिस्कही गेली. तिच्यात कुसुमचं लग्न होतं. कॅमेऱ्यातली चिप पुढच्या लग्नासाठी आधीच पुसलेली. सीझनमध्ये सगळेच पुसतात.

कुसुम जवळच्याच खेड्यातली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील, आबा, उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेले. ती दुकानात आली आणि म्हणाली, "दादा, आबा असतील ना त्यात?" ह्यांनी खरं ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती "व्हय का" म्हणाली आणि बाकावर बसून राहिली. पुढं बाजाराला आली की ती दुकानात डोकवायची, माझ्या हातावर कधी बोरं, कधी हुरडा ठेवायची. त्या दिवशी ह्यांचं जेवणात लक्ष नसायचं. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी तिच्या मामांच्या जुन्या मोबाईलमध्ये त्या लग्नातला एक बारकासा तुकडा सापडला. आबा पंगतीत बुंदी वाढत पुढं येतात आणि क्षणभर मोबाईलकडं बघतात. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग. हल्ली संगणक असं चित्र स्वच्छ करून देतो, पण त्याला दमदार कार्ड लागतं. ह्यांनी पुण्याहून कुणाचंसं वापरलेलं कार्ड आणलं. आमचा संगणक जुनाच, ते त्यात धड मावेनासुद्धा. नगरचा दुकानदार म्हणाला, "लावा की कन्व्हर्टर, चालतंय." हे म्हणाले, "चालतंय म्हनूनच जळलं हुतं."

मग ह्यांचं सोवळं सुरू झालं. एसएमपीएस नवा आणि दमदार हवा. कार्डाच्या प्रत्येक खाचेला त्याची त्याची जाड वायर हवी, एकाच वायरीची दोन तोंडं चालणार नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड नको, थेट भिंतीतल्या जाड पिनेच्या प्लगवर. आणि अर्थिंग. संगणकाच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या, त्याकडं इतकी वर्षं काणाडोळा केला होता. आता दुकानामागं खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातलं. आमची जमीन कोरडी ठाक, आणि ओल असेल तरच अर्थिंग नीट काम करतं. म्हणून रोज सकाळी खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं काम माझ्याकडं आलं. "तुळशीच्या आधी तुमच्या खड्ड्याला पाणी," मी कुरकुरायचे. कार्ड तोवर खोक्यात, कपाटावर. "सून आणलीत आणि उंबऱ्याबाहेर उभी केलीत," म्हटल्यावर मात्र हे हसले.

कुसुमची आई थकत चालली होती. "दादा, आई हाय तवर व्हईल ना?" कुसुम विचारायची. "एकदा जाळलंय बाई, आता घाई न्हाई करनार," हे सांगायचे. शेवटी सगळं मनासारखं जोडून झालं, काम सुरू झालं, आणि दुसऱ्या दिवशी हे त्या लग्नाला गेले...

दहावा झाल्यावर मी दुकान उघडायला गेले. शटर वर करताना आधी वास घेतला. काही नाही. आत संगणकाचा पंखा हळू फिरत होता. मधे वीज गेली असेल तर इन्व्हर्टरनं सांभाळून घेतलं असावं. काम पुरं झालं होतं. मी कार्डाच्या वायरीला हात लावून पाहिला, ती गार होती. तोवर माणसांच्या गराड्यात मला रडू आलं नव्हतं. ती वायर धरून मी रडले.

कुसुम आईला घेऊन आली. मी स्वच्छ झालेला तुकडा लावला. आबांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो कोन?"

"आबा गं."

"मिशा त्यांच्या हायेत. मानूस दुसरा हाय."

जिथं काही दिसत नव्हतं तिथं यंत्रानं आपल्या मनानं भरलं होतं. कुसुम माझ्याकडं न बघता म्हणाली, "वैनी, ते पयलं लावा." मी धूसर तुकडा लावला. "ह्ये बघ," म्हातारी लगेच म्हणाली, "वाढताना डावा हात पाठीवर. त्येच हायेत." डोळ्याला पदर लावून तिनं तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. हे बघायला आमचे हे नाहीत ते बरंच झालं, असं मला वाटलं, आणि असं वाटल्याचा भयंकर रागही आला.

हार्ड डिस्कवर श्रीगोंद्यातली किती लग्नं आहेत, पण ह्यांचा चेहरा कुठंच नाही. आवाज आहे, "पाव्हनं, जरा इकडं बघा." परवा एका लग्नात आंदणाच्या कपाटाच्या आरशात हे सापडले. अंधुक, अर्धा चेहरा कॅमेऱ्यामागं. हल्ली एडिटिंगला येतात ते गृहस्थ म्हणाले, "करू का साफ?" मी नको म्हटलं.

सकाळी अजूनही तुळशीच्या आधी मागं जाते. खड्ड्यात तांब्या रिकामा करते, पाणी जिरेपर्यंत थांबते. मग आत येऊन बटण दाबते आणि तो आरसा लावते. "जरा इकडं बघा," हे म्हणतात. मी बघते.