साबीनाची तिसरी खुर्ची

साउनच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री घरातली वारलेली माणसं शेकायला येतात, म्हणून दाराला कडी लावायची नाही आणि चुलीपाशी त्यांच्यासाठी खुर्ची मांडायची, हे साबीना गॅव्हनला कुणी शिकवलं नव्हतं. आई करायची, म्हणून ती करत आली. अमेरिकेत गेलेली माणसं या रात्रीला हॅलोवीन म्हणतात आणि चक्क भोपळे कोरतात, हे ऐकून तिनं नाक मुरडलं होतं. दिवा ठेवायचा तो कोरलेल्या सलगमात; कोरताना हात भरून येतात, तरच तो दिवा.

तिचा भाऊ फेस्टी सलगम असा कोरायचा की शेजारची म्हातारी बघूनच देवाचं नाव घ्यायची. एका साउनला त्यानं साबीनाचा झगा चढवला, तोंडाला गवताचा मुखवटा बांधला आणि सोंगं घेतलेल्या पोरांबरोबर स्वतःच्याच घरी आला. सोंग ओळखल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही, ही रीत. आई म्हणाली, "ही तर आमची साबीना." मुखवट्याआड फेस्टी असा खिदळला की सगळं बिंग फुटलं. ते हसू साबीनाला अजून झोपेत ऐकू यायचं.

पुढे तो बोस्टनला गेला. पत्रं आली, विरळ झाली, थांबली. वडील वारले तेव्हा आईनं त्यांची खुर्ची मांडली, पण फेस्टीची कधीच नाही. मरताना ती साबीनाला बजावून गेली, "त्याची मांडू नकोस हं. मांडलीस की तो गेला."

साबीनानं शब्द पाळला. पण आता तिचेही गुडघे बोलायला लागले होते. तिच्यामागे मांडणार कोण? या साउनला तिनं आईवडिलांच्या खुर्च्या चुलीपाशी ठेवल्या आणि तिसरी उचलून घरभर फिरत राहिली. चुलीपाशी ठेवायला हात धजेना. शेवटी तिनं ती टेबलापाशी ठेवली, पुढ्यात मनुक्यांच्या पावाचा तुकडा ठेवला. जिवंत माणूस जेवायलाच बसतो ना.

अंधार पडता पडता सोंगं आली. गवताच्या मुखवट्यातली एक चिमुरडी कुडकुडत होती. कुणाला न विचारता तिनं टेबलाजवळची खुर्ची ओढत चुलीजवळ नेली आणि हात शेकत बसली.

"बाहेर फार गार आहे गं मावशी," ती म्हणाली.

साबीना तिला उठ म्हणणार होती. ओठापर्यंत आलं होतं. पण जिभेवर आलं ते भलतंच.

"हो गं बाई. फारच गार असणार."

तिनं पोरीला ओळखलं, अक्रोड दिले, बाकीच्यांनाही दिले. दिवे डोलत डोलत बोरीनाच्या अरुंद वाटेनं दूर गेले. खुर्ची चुलीपाशीच राहिली होती. साबीनानं पावाचा तुकडा आणून तिच्यावर ठेवला आणि विस्तव सारखा केला. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं.

"आईला वाटलं, नाही मांडली तर तू जगशील," ती म्हणाली. "आणि तू इतकी वर्षं दारातच उभा होतास की रे. ये, शेक."