सलूनवाल्याच्या पोटाची गोष्ट

सलूनवाल्याचं तोंड कात्रीपेक्षा जास्त चाले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मानेभोवती कापड आवळलं गेलं, की त्याला पळून जाता येत नसे, आणि मग सलूनवाला आपल्या पोटाच्या ऑपरेशनची गोष्ट काढी. ऐन तारुण्यात अल्सर फुटून त्याचं जठर अर्ध्याहून जास्त कापलं होतं आणि उरलेलं आतड्याच्या एका वळणाला जोडलं होतं. एवढीच खरी गोष्ट. पण ती एवढीच सांगितली तर दाढीसुद्धा पुरी होत नसे. मग तो ऑपरेशनच्या टेबलावरच शुद्धीवर येई, ट्रेमधली आपली आतडी बघे आणि डॉक्टरांना सांगे, "साहेब, नीट गुंडाळा, नाहीतर गुंता होईल."

लग्न नवं होतं तेव्हा त्याची बायको डबा घेऊन दुकानात आली असताना मध्येच बोलली होती, "अहो, तुम्ही तर पूर्ण बेशुद्ध होता." अख्खं दुकान हसलं. सलूनवाला मात्र असा रुसला की मुकाट्याने केस कापू लागला, आणि मुक्या न्हाव्याकडे गिऱ्हाइकांचा जीव रमेना. शेवटी तिने कानाला खडा लावला. चारचौघांत नवऱ्याची गोष्ट दुरुस्त करायची नाही. पुढे संसारात सगळ्यावरून भांडणं झाली, पण हा नियम तिने कधी मोडला नाही.

मग एकदा सलूनवाल्याला आरशात आपला चेहरा पिवळा दिसायला लागला. त्याने दुकानातली ट्यूबलाइट बदलली. खुर्चीतलं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, माझं थोबाड तर होतं तसंच काळं दिसतंय, तेव्हा दोष ट्यूबचा नसावा. दुकानभर हशा पिकला. तपासणीत कळलं की पित्ताच्या नळीत खडा अडकला आहे, म्हणून ही कावीळ.

डॉक्टर तरुण होता, मोकळा होता. तोंडातून दुर्बीण घालून खडा काढू, पोट उघडायची गरज नाही, असं म्हणाला. हे ऐकून सलूनवाल्याचा जीव भांड्यात पडला. पुन्हा पोट फाडण्याच्या नुसत्या कल्पनेने त्याची झोप उडाली होती. त्यामुळे आधीचं ऑपरेशन कसलं, असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा खरं ऐकून तो पोटच उघडेल या भीतीने या माणसाने जन्मात पहिल्यांदा आपली गोष्ट लहान करून सांगितली. छोटंसं भोक होतं, म्हणाला, चार टाके घालून शिवलं.

"चार टाक्यांना एवढी मोठी खूण, काका?"

"त्या डॉक्टरांचे हात मोठे होते हो."

डॉक्टर खळखळून हसला. जुने कागद केव्हाच हरवले होते. मग तो बायकोकडे वळला. "काकू, बरोबर ना हे?"

सलूनवाल्याने तिच्याकडे पाहिलं. दुकानात गोष्ट सांगताना आरशातून पाहायचा, अगदी तसंच. तिचे ओठ उघडले आणि मिटले. तिने मान डोलावली.

दुर्बीण आत गेली, तर नेहमीची वाट तिथे नव्हतीच. आतडं उलट्या बाजूने जोडलेलं, पुढे तीव्र वळण. त्या वळणावर आतडं फाटलं. जे पोट उघडायचं नव्हतं तेच घाईघाईने उघडावं लागलं. आत सगळीकडे पित्त पसरलं होतं.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. त्याने आडपडदा ठेवला नाही. खूण बघून आपणच जास्त खोदून विचारायला हवं होतं, म्हणाला. अशा पोटात धोका असतोच, आधी माहीत असतं तरी असता. पण मग वेगळी दुर्बीण घेतली असती, किंवा बाहेरून यकृतात नळी घालून पित्त काढलं असतं. मग त्याने विचारलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली. पुढे त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

सलूनवाला शुद्धीवर आला, पण पोटातला पू हटेना. बाजूंनी नळ्या, अंगात ताप, तोंडाला कोरड. गिऱ्हाइकं भेटायला येत, काचेतून हात हलवत आणि खाली जाऊन गप्प उभी राहत. एका सकाळी नव्या डॉक्टरीणबाई आल्या आणि पहिल्यापासून काय काय झालं ते विचारू लागल्या. सलूनवाल्याने सुकलेले ओठ हलवले, मग बायकोकडे बोट केलं. "तू सांग."

तिने सांगितलं. अल्सर फुटला होता, जठर अर्ध्याहून जास्त काढलं, उरलेलं आतड्याला जोडलं. तेव्हा ते पूर्ण बेशुद्ध होते. एकेक वाक्य झालं की ती थांबे, त्याच्या तोंडाकडे बघे. तिला वाटे, कुठेतरी तो तिला अडवेल, नाही गं, असं नव्हतं ते, म्हणेल. तो डोळे मिटून पडला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.