शेंदराच्या दगडापासून अठरा फूट

टेप तीनदा धरली. तिन्ही वेळा अठराच फूट आले.

माझ्या हातातल्या प्लॅनवर चार नंबरचा खड्डा इमारतीच्या खाडीकडच्या कोपऱ्यावर दाखवला होता. जागेवर तो कोपऱ्यापासून अठरा फूट आत होता. आणि कोपऱ्यावर, जिथे खड्डा असायला हवा, तिथे गुडघ्याएवढा एक शेंदूर फासलेला दगड उभा होता. प्लॅनवर दगड नव्हता. कसा असेल? प्लॅन टेंभी नाक्यावरच्या ऑफिसात बसून काढलेला, आणि काढणारा मीच.

पन्नास सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी ठाण्यात एका इंजिनिअरच्या फर्ममध्ये एस्टिमेटर होतो. एस्टिमेटर म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. प्लॅनवरून दगड किती लागेल, चुना किती, लाकूड किती, कौलं किती ते काढायचं, त्याला दर लावायचा आणि इमारत उभी राहायच्या आधी तिची किंमत सांगायची. भिंती, दारं, छप्पर सगळं कागदावर दिसतं, त्यात हुशारी काही नाही. पाया दिसत नाही. जमिनीच्या पोटात काय आहे त्याचा प्लॅन कुणाकडे नसतो. म्हणून एस्टिमेटच्या आधी इमारतीच्या कोपऱ्यांवर चाचणीचे खड्डे खणतात. पक्का मुरूम किती खोलीवर लागतो ते बघायचं आणि तेवढा खोल पाया धरायचा.

आमच्या कागदावर चारही खड्ड्यांत साडेचार फुटांवर मुरूम होता. मी पाया पाच फूट धरला. बेचाळीस हजारांचं एस्टिमेट झालं. आकड्यांच्या खाली ‘जागेवर तपासले’ असं लिहून मी झोकात सही ठोकली होती. मी जागेवर गेलेलोच नव्हतो.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं? तसंच असायचं. खड्डे खणून घ्यायचे ओव्हरसियरने, आकडे आणायचे ओव्हरसियरने, सही एस्टिमेटरने करायची. सगळ्या ऑफिसांत तीच रीत होती. त्या शुक्रवारी मी गेलो तो सुद्धा तपासायला नव्हे. सोमवारी टेंडर उघडायचं होतं, त्याआधी इमारतीचे कोपरे खुंट्या मारून दाखवायचे होते, म्हणून टेप घेऊन गेलो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

इमारत म्हणजे ठाण्याच्याच हद्दीतल्या खाडीकाठच्या गावातली मुलामुलींची शाळा. दोन मजली, दगडी, आठ खोल्यांची. शाळा तोवर भाड्याच्या गुदामात भरायची आणि गुदामाच्या मालकाने वर्षभरात जागा सोडा म्हणून सांगितलेलं. निम्मे पैसे लोकवर्गणीचे, निम्मी सरकारी ग्रँट. ग्रँट मंजूर झाली होती ती माझ्या बेचाळीस हजारांच्या आकड्यावर. आकडा वाढला तर सुधारित एस्टिमेट पाठवावं लागे, फाइल पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरू होई, आणि मार्च उलटला की ग्रँट सरकारजमा. म्हणजे शाळा रस्त्यावर.

मुख्याध्यापिका वैद्यबाई. नऊवारी पातळ, पायात पुरुषी चपला, आवाज असा की गुदामाच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं पोर सरळ व्हायचं. प्लॅन बघायला आल्या तेव्हा त्यांनी खाडीकडच्या कोपऱ्यातल्या वरच्या खोलीवर बोट ठेवलं होतं. तिथे वारा येईल, सातवीच्या मुलींचा वर्ग तिथे बसवीन, म्हणाल्या होत्या. टेप गुंडाळताना तीच खोली माझ्या डोळ्यांपुढे आली.

खोटं कशाला सांगू, त्याआधी दुसरंच मनात आलं होतं. अठरा फुटांत जमीन काय बदलणार आहे? आणि बदलली तरी कुणाला कळणार? माझी नोकरी टेंपररी होती, जूनमध्ये पर्मनंट व्हायची होती, घरी डोंबिवलीला बायकोला दिवस गेलेले. पाच मिनिटं मी त्या दगडाशेजारी उभा राहून स्वतःची समजूत घालत होतो. समजूत पटेना.

ऑफिसात आलो तो तडक नाचण्यांकडे. नाचणे आमचे ओव्हरसियर. वय पंचावन्नच्या घरात, टेप कशी धरायची हे मला त्यांनीच शिकवलेलं. दार लोटून घेतलं आणि विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मजूर गावातलेच होते, म्हणाले. त्या दगडापाशी कुदळ लावायला एकही तयार होईना, देवाची जागा म्हणून. मग सरकून खणला. अठरा फुटांनी काय होतंय? कागदावर मात्र कोपराच लिहिला, कारण कागदाला कोपरा हवा होता. तेही देवभोळे, मनातून त्यांनाही बरंच वाटलं असणार.

"मी सांगणार होतो तुला," ते म्हणाले. "मग तू सहीच केलीस. म्हटलं, ह्याने पाहिलं असेल."

मला वाटलं नाचण्यांनी पाहिलंय, नाचण्यांना वाटलं मी पाहिलंय, आणि पाहिलं कुणीच नाही.

आमचे साहेब भागवत. शिस्तीचे, कमी बोलणारे. दोघंही त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती वाढेल?"

"खणल्याशिवाय कसं सांगू, साहेब?"

"एस्टिमेटर आहेस ना तू?"

"म्हणूनच सांगत नाही."

त्यांनी एस्टिमेट उघडलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "गेला होतास?"

"नाही."

नाचणे मध्येच, चूक माझी आहे, असं पुटपुटले. साहेबांनी हातानेच त्यांना गप्प केलं. टेंडर सोमवारी तीन वाजता उघडणार, कागद सकाळी दहाला माझ्या टेबलावर पाहिजे, असं म्हणाले. खणून जे निघेल ते लिहायचं, चांगलं निघो की वाईट. आणि ही सही खोटी होती हेही त्याच कागदावर लिहायचं. मी बरं म्हटलं.

शनिवारी सकाळी मजूर आले. दगड दाखवल्यावर एकेकाने कुदळ खाली ठेवली. दुप्पट मजुरी कबूल केली. नाही. नाचण्यांनी रागावून पाहिलं, हात जोडून पाहिलं. नाही म्हणजे नाही. शेवटी त्यातला एक म्हणाला, जोमानानांना विचारा, जागा त्यांची होती.

जोमा भोईर हे गावातले जुने खातेदार. उभा जन्म मिठागरात आणि भातशेतीत गेलेला, आता जमिनी विकून बसलेले. शाळेची जमीन त्यांच्याचकडून घेतलेली, आणि तिला खाडीच्या उलट बाजूने लागून असलेली पट्टी अजून त्यांचीच होती, तिच्यावर पेंढ्याची उडवी रचलेली. मी ओटीवर जाऊन बसलो आणि काय झालं ते सांगितलं. ते आधी हसले.

"खनायचा व्हता तं मना इचारायचा. देवाला कनाला भ्यायचा? त्याच्या खाली काय हाय त्याला भ्यावा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्यांच्या लहानपणी खाडीचं पाणी त्या दगडापर्यंत यायचं. तिथे मातीचा बांध होता, आत भातशेती. उधाणाच्या भरतीला बांध फुटायचा, त्याला ते लोक खांड पडणं म्हणतात. दरवेळी त्याच जागी. दगड टाकले, काटे टाकले, पेंढा टाकला, काही टिकेना. अखेर एक जुनी होडी चिखलाने भरून तिथेच बुडवली, वर माती लोटली, तेव्हा कुठे बांध उभा राहिला. मग त्यावर देव बसवला. पुढे खाडीकडे नवा बांध झाला, जुना नांगराखाली सपाट झाला. देव तेवढा राहिला.

"आमी देव तिथंच बसवताव, जिथं भ्याव हाय," जोमानाना म्हणाले.

चार वर्षं इंजिनिअरिंगच्या पुस्तकांशी झटापट केलेली, आणि जमिनीचा नकाशा शेंदूर लावून उघड्यावर ठेवलेला, तो मला वाचता आला नाही. मला माझीच लाज वाटली.

ते स्वतः आमच्याबरोबर आले. नारळ फोडला, दगडाला हात लावून काहीतरी बोलले, आणि पहिली कुदळ त्यांनीच मारली. मग मजूर उतरले. पाच फूट झाले, मुरूम नाही. सात फुटांवर माती काळी झाली आणि वास सुटला. नऊ फुटांवर पाणी लागलं. नाचणे काठावर बसून दर फुटाला वहीत लिहीत होते. अकरा फुटांवर कुदळ लाकडावर आपटली. काळं पडलेलं, वाकलेलं लाकूड. होडीची बरगडी.

तेवढ्यात एका बाजूची माती सुटली. आतला माणूस कमरेपर्यंत चिखलात. दोघांनी त्याला दोर टाकून ओढून काढला. काही झालं नाही, पण पुन्हा कुणाला आत उतरवायची माझी हिंमत नव्हती. मग काठावरून लोखंडी सळई खाली दाबली. ती आणखी पाच फूट गेली, लोण्यात जावी तशी. या जागेवर मी दोन मजले दगड चढवायला निघालो होतो. वर सातवीच्या मुली.

रविवारी सकाळी हिशोबाला बसलो. एवढा एक कोपरा पक्क्या जमिनीपर्यंत न्यायचा तर निदान पाच हजार जास्त. एस्टिमेटमध्ये अडीअडचणीसाठी शेकडा पाच धरलेले असतात, त्याला कंटिन्जन्सी म्हणतात. ते जेमतेम दोन हजार. सगळं उलटंसुलटं करून पाहिलं, छपराचं लाकूड बारीक केलं, फरशी स्वस्त धरली. आकडा काही खाली बसेना. वैद्यबाईंना सांगणं भाग होतं.

त्या साइटवर आल्या, खड्ड्यात डोकावल्या, काळं लाकूड पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"वर्गणी देणाऱ्यांना मी काय सांगू?" एवढंच म्हणाल्या.

नाचणे एकदम उठले, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, धर. मुरूम लागलेल्या त्या जुन्या खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळायला एक क्षण लागला. आख्खी इमारतच वीस फूट पलीकडे सरकवली तर हा कोपरा पक्क्या मुरमावर येत होता. इमारत तीच, भिंती त्याच, दगड तेवढाच. एस्टिमेट बदलत नाही, बदलते फक्त जागा. ती दुरुस्ती साहेबांच्या सहीने आणि म्युनिसिपालटीच्या एका शिक्क्याने होते. ग्रँटच्या फाइलला हात लावायची गरज नाही.

अडचण एकच होती. पलीकडे वीस फूट जागा शाळेची नव्हती. तिथे जोमानानांची उडवी होती.

जोमानाना सकाळपासून खड्ड्यापाशीच उभे होते, वैद्यबाई त्यांच्याकडे वळल्या. भीक मागणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सरळ म्हणाल्या, "नाना, पट्टी आम्हाला द्या. हा देवाचा कोपरा तुम्ही परत घ्या. फुटाला फूट."

जोमानाना दगडाकडे बघत राहिले. जमीन विकताना देवही विकला गेला, हे बहुधा त्यांना इतके दिवस सलत असावं. कारण घासाघीस केली नाही, मुलांना विचारतो म्हणाले नाहीत.

"उडवी हलवायला दोन दिस द्या," म्हणाले.

दुपारी पट्टीत दोन नवे खड्डे खणले. दोन्हींजवळ मी स्वतः उभा राहिलो, कोपऱ्याच्या खुंटीपासून टेप स्वतः धरली. चार फुटांवर मुरूम लागला. नाचण्यांनी मूठभर मुरूम कागदात बांधून घेतला, जसा काही प्रसाद.

सोमवारी दहाला कागद साहेबांच्या टेबलावर होता. खड्ड्यांची मापं, जोमानानांचा अंगठा असलेलं संमतिपत्र, दुरुस्त साइट प्लॅन, आणि शेवटी माझा जबाब की मी न जाता सही केली होती. साहेबांनी सगळं वाचलं. जबाब दुसऱ्यांदा वाचला. तीन वाजता टेंडरं उघडली, ठेकेदारांना नवी जागा दाखवून त्यांच्या सह्या घेतल्या. ग्रँट वाचली. माझं पर्मनंट होणं एक वर्ष पुढे गेलं. नाचण्यांना ताकीद मिळाली. दोघांनाही ते योग्यच वाटलं, निदान दुसऱ्या दिवशीपर्यंत तरी.

शाळा वर्षाच्या आत उभी राहिली. बांधकाम चालू असताना ठेकेदाराने सिमेंट ठेवायची शेड घातली ती नेमकी देवाच्या बाजूला, जागा मोकळी आहे म्हणून. मी नको म्हटलं होतं, पण साध्या शेडला काय होतंय, म्हणाला. पावसाळा संपेपर्यंत शेडचा तो कोपरा हातभर खाली गेला होता. जोमानाना रोज संध्याकाळी तिथे येऊन उभे राहत. वर्ग भरू लागल्यावर एका दुपारी मला म्हणाले, "तुमची शाला आसती तं?" वर सातवीच्या वर्गात कविता चालली होती, ती आम्ही दोघं ऐकत राहिलो.

त्यानंतर तीस वर्षं एस्टिमेटं केली. ओव्हरसियरने खड्ड्यांचे आकडे आणले की मी ते बाजूला ठेवायचो आणि आधी विचारायचो, कुठे कुठे खणला नाहीत, आणि का? पुष्कळदा उत्तर यायचं, काही नाही साहेब, तिथे एक दगड आहे.

मग मी टेप घ्यायचो आणि निघायचो.