मावशींची अधिकृत चूक

दोरा आवळला, की मावशी मान तिरकी करून काडीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर." क्वचित एखादीला म्हणायच्या, "ही या कुळातली नाही."

पुण्यातल्या एका संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेली झाडं जाड कागदावर शिवून बसवायचं त्यांचं काम. तीस वर्षं. काडी कशी वाकते, कुठे कडकन मोडते, सगळं बोटांना पाठ. मी तिथे डीएनएवरून फुलझाडांची नाती शोधणारा संशोधक, म्हणजे पीएचडी लांबलेला माणूस. मावशी मला "अहो डॉक्टर" म्हणायच्या. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे पुण्यात विचारायचं नसतं.

एका कागदाशी त्यांचं जुनं भांडण होतं. खडकवासल्याच्या डोंगरातली फांदी. फूल नाही, फळ नाही. संग्रहाच्या तेव्हाच्या साहेबांनी ती कडुनिंबाच्या कुळात घातली. नव्यानंच लागलेल्या मावशी म्हणाल्या, "साहेब, ही बेलाच्या कुळातली वाटते."

साहेब म्हणाले, "तुम्ही शिवा."

हे दोन शब्द मावशींनी निवृत्तीच्या महिन्यापर्यंत सांभाळले. मग एक दिवस तो कागद माझ्यापुढे ठेवला. "अहो डॉक्टर, तुमच्या यंत्राला विचारा ना. मी जायच्या आत."

शिवलेल्या फांदीची पानं तोडायची नसतात. कागदावरच्या पुडीत गळून पडलेल्या पानाचे दोनच तुकडे होते, नखाएवढे. पहिला मी कुटला, डीएनए काढला, यंत्राकडून वाचून घेतला. ती अक्षरं इतर झाडांच्या अक्षरांशी ताडून बघायची. ज्याच्याशी जास्त जुळतात तो जवळचा नातलग. उत्तर आलं : मेथी.

तुम्ही असतात तर शंका घेतली असती. मी शोधनिबंधाचं शीर्षक ठरवलं. मेथीची डोंगरात राहणारी, लाकडी खोडाची सख्खी बहीण! धावत जाऊन मावशींना सांगितलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "पान कुटलंत त्या दिवशी डब्यात काय होतं?"

"मेथी. आठवड्यातून चार दिवस मेथीच असते."

"लसूण घालून?"

"हो."

"मग लसूण कसा नाही निघाला?"

आता एकच तुकडा उरला होता आणि मावशींचे नऊ दिवस. या खेपेला मी डबाच आणला नाही. हात इतके धुतले, की साबणाचं कुळ निघायची भीती वाटायला लागली.

उत्तर त्यांच्या शेवटच्या दिवशी आलं. मी दारातच घुटमळलो.

"बेल नाही हो, मावशी. आंब्याच्या कुळातली निघाली."

"आणि कडुनिंब?"

"तोही नाही."

त्यांनी कागद जवळ ओढून फांदीकडे पाहिलं. मी समजूत घालायला गेलो, "ही कुळं एकमेकांच्या जवळचीच. तुमची चूक तशी लहानच..."

"लहान-मोठी राहू दे. साहेबही चुकले, मीही चुकले."

संग्रहात कागदावरची कुळाच्या नावाची जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. नवी तिच्या शेजारी चिकटवतात, ओळखणाऱ्याच्या सहीनिशी. मी आंब्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

"थांबा. आधी माझी."

"पण मावशी, तुमचं चुकलंय!"

"साहेबांची चूक इतकी वर्षं जपलीत ना? मग माझीही जपा."

त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : बेलाचं कुळ. खाली पूर्ण नाव आणि सही. डिंक लावता लावता म्हणाल्या, "तुमची मेथी पण लावायची का?" मला ऐकू आलं नाही.

मावशी आता वाघोलीला लेकीकडे असतात. इकडे येणं होत नाही. बाहेरगावचे अभ्यासक तो कागद बघतात, मधल्या चिठ्ठीवर बोट ठेवतात. "या कोण? नाव कुठे वाचल्याचं आठवत नाही."

"आमच्या इथल्याच," मी सांगतो. "त्यांचे साहेबांशी मतभेद होते."